ग्लास नव्हे, ग्लासमागची भिंत

वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची करामत

प्रश्न : ताई, आमी गावातले चौघं मिळून भुताची शॉर्ट फिल्म करून राह्यलो. टेबलावरचा पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास आपोआप सरकत जाते, असा एक शॉट आहे. ग्लास ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवला, मोबाइलच्या शॉटवर बसवला. मागचं वाकडं दिसावं म्हणून डिस्प्लेसमेंटही (चित्राचे पिक्सेल सरकवणारा इफेक्ट) लावलं. तरी तो चिपकवल्यावानी दिसते. काहून? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : क्लिप पाहिली. पहिली शंका तुमच्या भुताबद्दल. आपल्याकडं पाहुण्याला पाणी स्टीलच्या ग्लासात देतात, मग भुताला काचेचाच कशाला पाहिजे? स्टीलचा घेतला असता तर नायलॉनची तंगूस बांधून ओढला असता आणि तंगूस पुसून टाकली असती, संध्याकाळपर्यंत शॉट तयार. पण ग्लास थांबल्यावरही आतलं पाणी हिंदकळत राहतं हे दिसायला हवं, असं तुम्ही लिहिलंय. ते मला पटलं. तर काच.

तुमच्या ग्लासची कड चांगली आहे, चकाकीही बरी आहे. बिघडलंय ते ग्लासच्या आतलं चित्र. मागच्या भिंतीवर डावीकडं निळी खिडकी आहे आणि उजवीकडं कॅलेंडर. तुमच्या ग्लासातून पाहिलं तरी खिडकी डावीकडंच, फक्त जरा लहरलेली. खऱ्या ग्लासात ती उजवीकडं दिसली असती.

भरलेला गोल ग्लास हे उभं भिंग असतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ धरला तर अशा भिंगाचा फोकस ग्लासच्या मध्यापासून साधारण एक व्यास मागं पडतो. तुमचा ग्लास ७ सेंटीमीटर रुंद असेल तर मागच्या काचेपासून जेमतेम साडेतीन सेंटीमीटरवर. त्याच्या अलीकडची वस्तू मोठी आणि सरळ दिसते. पलीकडची, म्हणजे तुमची सगळी भिंत, डावी-उजवी उलटी दिसते. वर-खाली मात्र उलटत नाही, कारण उभ्या दिशेनं ग्लासला बाक नाही. कागदावर जाड बाण काढा, भरलेल्या ग्लासला चिकटवून धरा आणि हळूहळू मागं न्या. बाण आधी फुगतो, मग पूर्ण रुंदीभर पसरून विरघळतो, आणि पुन्हा दिसतो तेव्हा उलट्या दिशेला तोंड करून असतो. तो मधला विरघळण्याचा क्षण नीट पाहून ठेवा. पुढं कुणी काचेची बाटली दिली, बरणी दिली, तरी डोळा फसणार नाही.

दुसरं, तुम्ही सगळ्या ग्लासला एकच नकाशा, म्हणजे कुठला पिक्सेल किती सरकवायचा ते सांगणारं चित्र, लावलाय. ग्लासमध्ये कमीत कमी चार वेगळे भाग असतात. पाण्याच्या वरचा रिकामा भाग म्हणजे नुसती पातळ काच, तिच्यातून मधोमध जवळपास काहीच सरकत नाही, फक्त दोन्ही कडांच्या बोटभर पट्टीत मागचं चित्र आवळतं. पाण्याचा भाग वर सांगितला तसा उलटा. तळाची जाड काच तिसरी, तिच्यात मागचं ओळखूच येत नाही, नुसते उजेड-काळोखाचे तुकडे दिसतात. आणि चौथी पाण्याची कड : काचेला लागून पाणी किंचित वर चढतं, तिथं एक बारीक रेघ येते, खिडकीकडच्या बाजूला पांढरी, दुसऱ्या बाजूला काळपट. ही रेघ नसली की पाणी ग्लासात भरल्यासारखं दिसत नाही, कापून ठेवल्यासारखं दिसतं.

आता करायचं कसं. ब्लेंडरमध्ये फिल्म ट्रान्सपरंट करून 'ट्रान्सपरंट ग्लास'ला टिक केलं की ग्लासमागं पारदर्शक अल्फा (चित्रात कुठं आरपार दिसायचं त्याची नोंद) मिळतो, पण मागचा शॉट काही वाकत नाही. बरेच जण तिथंच थांबतात आणि मग वरून अंदाजे डिस्प्लेसमेंट मारतात. त्यापेक्षा ग्लासमागं खऱ्या अंतरावर एक साधी भिंत उभी करा, टेबलाचं पानही ठेवा. मोजपट्टी नेऊन अंतर मोजा, डोळ्यानं ठरवू नका. या भिंतीला आणि टेबलाला स्वतःचा उजेड असलेलं मटेरियल द्या, आणि त्यात टेक्स्चर कोऑर्डिनेटमधलं 'विंडो' जोडा : आडवी जागा लाल रंगात, उभी जागा हिरव्या रंगात. ग्लासला आणि पाण्याला या रेंडरपुरता (संगणक मॉडेलवरून चित्र काढतो ते रेंडर) नुसता रिफ्रॅक्शन शेडर, म्हणजे उजेड फक्त वाकवणारं मटेरियल, ग्लास शेडर नको, कारण त्यातली परावर्तनं नकाशा नासवतात. जे लाल-हिरवं चित्र मिळेल त्याचा प्रत्येक पिक्सेल सांगतो की इथं मूळ शॉटमधल्या कुठल्या जागेचं चित्र आणायचं. न्यूक या शॉट जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये याला एसटीमॅप म्हणतात, ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्ये 'मॅप यूव्ही' नोड हेच काम करतो. रंगाचं व्यवस्थापन 'नॉन-कलर' किंवा 'रॉ' ठेवायचं. हे चित्र दिसायला रंगीत असलं तरी ते आकडे आहेत, त्याला गॅमा (पडद्यासाठी उजळपणा बदलणारी दुरुस्ती) लागला की खिडकी भलत्याच जागी जाते.

मॉडेलमध्ये एक ठिकाण हमखास दगा देतं. पाण्याचा आणि काचेचा पृष्ठभाग यांच्यात केसाएवढी फट राहिली तर प्रोग्रॅम तिथं हवा आहे असं धरतो, काठाजवळचे किरण त्या हवेवरून पूर्ण उलटे परततात आणि पाणी पाऱ्यासारखं चमकतं. तुमच्या ग्लासच्या डाव्या कडेची चंदेरी पट्टी त्यामुळंच आहे. पाण्याचं मॉडेल किंचित फुगवून काचेच्या जाडीत घुसवा.

परावर्तन वेगळं रेंडर करा आणि शॉटवर 'ॲड'नं मिळवा, 'ओव्हर'नं नाही. काच उजेडात भर घालते, मागचं झाकत नाही. समोरून पाहिलं तर काचेचा एक पृष्ठभाग फक्त ४ टक्के उजेड परत पाठवतो. ६० अंशांच्या तिरक्या नजरेला साधारण ९ टक्के, ८० अंशांना ३९ टक्क्यांच्या आसपास. म्हणून ग्लासची मधली जागा स्वच्छ असते आणि चमक कडांना गोळा होते. तुम्ही मधोमध सगळीकडं सारखी चमक दिलीय. शिवाय ती चमक कसली? ग्लासमध्ये कॅमेऱ्यामागचं दिसतं. तुमच्या कॅमेऱ्यामागं उघडं दार असणार, कारण टेबलावर उजेड त्या बाजूनं पडलाय. ग्लास ठेवला होता त्या जागी मोबाइल धरून चहूकडचे फोटो घ्या, ते दार ग्लासवर उभी वाकडी पांढरी पट्टी म्हणून येऊ द्या.

आणि सावली. भरलेल्या ग्लासची सावली काळी नसते, तिच्या मधोमध उजेडाची धार असते, भिंगानं गोळा केलेली. ही धार संगणकाकडून काढून घ्यायला वेळ लागतो आणि ती दाणेदार येते. मी तर सरळ अंगणात पांढरा कागद अंथरते, त्यावर खरा भरलेला ग्लास ठेवते, ऊन शॉटमधल्या उजेडाच्या कोनाला येईपर्यंत थांबते आणि शूट करते. कागदावरची धार शॉटमधल्या टेबलावर मिळवायची. ग्लासला हलका धक्का दिला की धार थरथरते, तेही घ्या, तुमच्या भुताला लागणारच आहे.

मी गोरेगावला कामाला होते तेव्हा आमचा सुपरवायझर काचेचा शॉट तपासताना चमक, परावर्तन, सावली सगळं बंद करायला लावायचा. नुसती वाकलेली पार्श्वभूमी बघायचा. तेवढ्यावर ग्लास ओळखू आला तर पुढं, नाहीतर परत. तुमच्या शॉटवर हेच करून बघा. आत्ता चमक काढली की ग्लास गायब होतोय.

प्रश्न : काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग किती द्यावेत? (पुसद)

उत्तर : तुम्ही दिलेत त्याच्या दहाव्या हिश्शानं. साध्या काचेत लाल आणि निळ्या किरणांच्या वळण्यातला फरक एकूण वळणाच्या साठाव्या भागाएवढा असतो. म्हणजे काचेमुळं चित्र ६० पिक्सेल सरकलं असेल तर लाल आणि निळा एकमेकांपासून एक पिक्सेल सुटतील. लाल, हिरवा, निळा चॅनेल वेगळे करून डिस्प्लेसमेंटची ताकद ०.९९, १ आणि १.०१ ठेवा. निळा जास्त वळतो, हे उलटं करू नका. झुंबराचे लोलक असतील तर थोडी सूट घ्या.

प्रश्न : आमच्या गावाच्या मालगुजारी तलावात बुडालेलं देऊळ दाखवायचं आहे. काठावरून शूट केलंय, ड्रोन नाही. देऊळ पाण्याखाली हलतं ठेवलं, पण व्हिडिओ बिघडल्यासारखा वाटतो, पाणी वाटत नाही. (साकोली तालुका, जि. भंडारा)

उत्तर : आधी कॅमेरा उचला. काठावर उभं राहून कॅमेरा दीड मीटर उंचीवर धरला आणि देऊळ ३० मीटर आत असलं, तर नजर पाण्याला इतकी घासून जाते की ७० टक्क्यांच्या आसपास उजेड आकाशाचाच परत येतो. पाण्याखालचं तिथून दिसूच शकत नाही, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खोटं लगेच कळतं. सरळ खाली पाहिलं तर पाणी फक्त २ टक्के उजेड परतवतं. ड्रोन नसेल तर पाळीवर चढा, पाळीवरच्या झाडावर चढा, आणि देऊळ काठाच्या अगदी जवळ, पायाशी आणा.

आता हलण्याबद्दल. तुम्ही लाटांचा काळा-पांढरा व्हिडिओ जसाच्या तसा डिस्प्लेसमेंटला जोडलाय, म्हणजे जिथं लाट उंच तिथं चित्र जास्त सरकतं. पाण्यात तसं होत नाही. चित्र सरकतं ते लाटेच्या उतारानं. लाटेच्या माथ्यावर पाणी क्षणभर सपाट असतं, तिथं चित्र जागचं हलत नाही, दोन्ही उतारांवर विरुद्ध बाजूंना सरकतं. म्हणून उंचीच्या चित्रातून शेजारच्या पिक्सेलमधला फरक काढा, आडवा फरक एका चॅनेलमध्ये, उभा दुसऱ्यात, आणि तो नकाशा म्हणून वापरा.

दुसरी गोष्ट खोली. वरून पाहताना सरकणं साधारण खोली गुणिले उतार भागिले चार. पाणी एक मीटर खोल आणि लाटेचा उतार दहास एक असेल तर तळाचा दगड अडीच सेंटीमीटर सरकेल. देवळाचा कळस पाण्याच्या वर येत असेल तर पाण्याच्या रेषेपाशी सरकणं शून्य, पायऱ्यांकडं जाताना वाढत जायचं. तुमचा कळस आणि पायथा सारखेच डुलताहेत, म्हणून पाण्याऐवजी सिग्नल गेल्यासारखं दिसतं. आणखी एक : वरून पाहताना तळ खऱ्याच्या पाऊण खोलीवर दिसतो. देऊळ तेवढं बुटकं करा, आणि कॅमेरा तिरका असेल तर आणखी बुटकं.

गढूळपणाचं काय? भंडाऱ्याचा तलाव म्हणजे समुद्राचं निळं पाणी नव्हे. पावसाळ्यात तर पाण्यात बुडवलेला स्वतःचा हात दिसत नाही. खोलीनुसार हिरवट-तपकिरी धुकं चढवा, पायऱ्या जवळपास गिळून टाका. शिंगाड्याची पानं पाण्यावर तरंगत ठेवली तर फार बरं : पानं अजिबात वाकत नाहीत, त्यांच्यामधलं देऊळ वाकतं, आणि पाण्याचा पृष्ठभाग कुठं आहे हे डोळ्याला न सांगता कळतं.

हे सगळं किचकट वाटत असेल तर माझ्या आवडीचा मार्ग सांगते. देवळाचा वरून दिसणारा फोटो फ्लेक्सवर छापून घ्या. फ्लेक्स पाण्यात भिजत नाही आणि निवडणुकीच्या हंगामात कुठल्याही तालुक्याला मिळतो. गुरांच्या सिमेंटच्या हौदात तळाला दगड ठेवून तो अंथरा, निवळ पाणी भरा, वरून शूट करा. अपवर्तन पाणी स्वतः करून देतं, फुकटात. फक्त लाटा लहान आणि घाईच्या दिसतील. त्यावर उपाय वेगाचा : देऊळ खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढं छापलं असेल तर पंचवीसचं वर्गमूळ पाच, म्हणून २४ च्या पाचपट, १२० फ्रेमवर शूट करा आणि २४ वर चालवा. पाण्याला शिंतोडे उडू देऊ नका. थेंबाचा आकार काही लहान होत नाही, एक थेंब उडाला की हौद उघडा पडतो.

प्रश्न : एसटीमॅप लावला की चित्राच्या डाव्या बाजूला सगळं गुळगुळीत येतं, उजव्या अर्ध्यात मात्र बारीक पायऱ्या दिसतात. ग्राफिक कार्ड खराब आहे का? (अचलपूर)

उत्तर : कार्डाला शिव्या देऊ नका. नकाशा १६ बिटच्या ईएक्सआर या चित्र-फाइलच्या प्रकारात साठवलाय तुम्ही. त्या प्रकारात ०.५ ते १ यांच्या दरम्यान लागोपाठच्या दोन आकड्यांत १/२०४८ इतकं अंतर असतं. १९२० पिक्सेल रुंदीच्या शॉटमध्ये म्हणजे जवळपास एक अख्खा पिक्सेल. अर्ध्याच्या अलीकडं आकडे दाट होत जातात, म्हणून डावी बाजू वाचली. नीट पाहिलंत तर चित्राच्या वरच्या अर्ध्यातही हेच सापडेल. ३२ बिटमध्ये साठवा. ८ बिटच्या पीएनजीत तर साडेसात पिक्सेलची उडी पडते, तिकडं जाऊच नका. कडांना झालर येत असेल तर नकाशा दुप्पट आकारात रेंडर करून, शॉट वाकवून झाल्यावर मग लहान करा. नकाशा आधी लहान केला तर ग्लासच्या आतला आणि बाहेरचा आकडा मिसळून तिसरीच जागा उचलली जाते.

प्रश्न : एसटीच्या खिडकीवर पावसाचे थेंब दाखवायचे आहेत. बाहेर वरूडचे संत्र्याचे बगीचे. (अमरावती, विद्यार्थिनी)

उत्तर : बेटा, थेंबात बगीचा उलटा दाखव. प्रत्येक थेंब छोटं बहिर्गोल भिंग असतो, त्यात आभाळ खाली आणि जमीन वर येते. म्हणून थेंबाची खालची कड उजळ आणि वरची काळपट दिसते. नवखी मंडळी याच्या बरोब्बर उलट करतात, कारण वरून उजेड आला तर वरची बाजू उजळ, असं त्यांना वाटतं. प्रत्येक थेंबासाठी अख्खा शॉट लहान करून, उलटा करून आत भरायचा. खिडकीची सपाट काच मात्र मुळीच वाकवू नकोस. सपाट काच किरणांना समांतर सरकवते, तेही मिलिमीटर-दोन मिलिमीटर. तिच्यावर धूळ दे, आतल्या प्रवाशाचं पुसट प्रतिबिंब दे.

थेंब खरे हवे असतील तर जुन्या खिडकीची काच काळ्या कापडासमोर उभी करून ग्लिसरीन मिसळलेलं पाणी फवार. ग्लिसरीनमुळं थेंब ओघळत नाहीत आणि उन्हात सुकत नाहीत. पण काळ्यासमोर मिळते ती फक्त चमक, आतला उलटा बगीचा तुलाच भरावा लागेल.

प्रश्न : मे महिन्यातला चंद्रपूरचा रस्ता हवा आहे, शूटिंग जानेवारीत झालं. उन्हाच्या झळा कशा आणू? (राजुरा)

उत्तर : झळा म्हणजे अपवर्तनच. हवा एक अंशानं तापली की तिचा अपवर्तनांक साधारण दशलक्षात एकानं उतरतो. इतका क्षुल्लक फरक दिसतो तो लांबच्या लांब अंतरामुळं. म्हणून मोबाइलच्या रुंद लेन्सवर, दहा पावलांवरच्या माणसाच्या अंगावर झळा टाकल्या की हसू येतं. लांब फोकसची लेन्स, कॅमेरा रस्त्यालगत खाली, आणि जवळ शून्यापासून सुरू होऊन लांब वाढत जाणारा मास्क (परिणाम कुठं किती ते ठरवणारं चित्र). नॉइज बारीक, वर चढणारा, एक-दोन पिक्सेलचा. रस्त्यावर पाणी साचल्याचा भास हवा असेल तर क्षितिजाजवळची आभाळाची पट्टी उलटी करून, चेपून रस्त्यावर ठेवा आणि तिच्यात येणाऱ्या ट्रकचं उलटं प्रतिबिंबही ठेवा. जानेवारीच्या सावल्या लांब असतात, त्यांचं काही करता येणार नाही. दुपारी बाराचेच शॉट निवडा.

प्रश्न : ब्लेंडरमध्ये ग्लासचा शॉट रात्रभर रेंडरला लावतो आणि लाइट जाते. सकाळी फाइल उघडतच नाही. (आष्टी, जि. वर्धा)

उत्तर : आमच्या आर्वीकडंही लाइटचं तेच. थेट एमपी-४ मध्ये रेंडर करणं आजपासून बंद. प्रत्येक फ्रेम वेगळी ईएक्सआर म्हणून साठवा, 'ओव्हरराइट' बंद ठेवा आणि 'प्लेसहोल्डर' चालू करा. लाइट आली की पुन्हा रेंडर दाबायचं, झालेल्या फ्रेम सोडून पुढचं सुरू होतं. लाइट गेली त्या क्षणाची फ्रेम अर्धवट किंवा शून्य केबीची राहते, तेवढी आधी हातानं पुसून टाका, नाहीतर प्रोग्रॅम ती झालेली समजून पुढं जातो. काचेच्या शॉटला लाइट पाथमध्ये ट्रान्समिशनची मर्यादा (किरण किती पृष्ठभागांतून आरपार जाऊ द्यायचा ती) फार कमी केली की ग्लास आतून काळा पडतो. भरलेल्या ग्लासला आठ ठेवा, आणि वेळ वाचवायचा तो ग्लासभोवतीच्या चौकटीपुरतं 'रेंडर रीजन' लावून वाचवा.